एका दाताएवढी फट

आमच्या धाकटीनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, एकविसाव्या वर्षी स्वतःचा डिझाइनचा धंदा सुरू केला, तेव्हा घरातलं इस्त्रीचं टेबल गेलं आणि माझी अर्धी खोलीही गेली. टेबलावर तिचा कॉम्प्युटर आला, कपाटाच्या आरशावर कागद चिकटले आणि दारावर स्टुडिओच्या नावाचं एवढंसं कार्ड लागलं. त्या दारातून गिऱ्हाइकांपेक्षा धुतलेल्या कपड्यांचीच ये-जा जास्त होती.

जी गिऱ्हाइकं यायची ती ‘तेवढं’वाली. "नाव तेवढं मोठं कर." "रंग तेवढा बदल." "तुला काय, दोन मिनिटांचं काम, तेवढं करून दे!" व्यायामशाळेच्या बाईंनी तर लोगो बदलून बदलून तिच्या नाकी नऊ आणले आणि शेवटी स्वतःच्या भाच्यानं काढलेला लावला. धाकटी रडली नाही. उशीवर बुक्क्या मारत बसली. उशी माझी होती.

पण तिची खरी चीड होती ती बाबांच्या एका वाक्यावर. बाबा शाळामास्तर, आता निवृत्त. कोणी विचारलं, "धाकटी काय करते हल्ली?" की ते सांगायचे, "सध्या घरीच असते." ती भिंतीपलीकडे मान मोडून काम करत असायची आणि हे तिला शब्दन् शब्द ऐकू यायचं.

"ताई, एकदा त्यांनी चारचौघांत सांगावं, माझी मुलगी डिझायनर आहे म्हणून. एकदाच."

"मग सांग ना त्यांना तसं."

"मागून घेतलेलं काय कामाचं?"

तेही खरंच होतं म्हणा.

अशात कोपऱ्यावर दातांचा नवा दवाखाना निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी पाटीचं काम हिला दिलं. धाकटीनं हसरा दात काढला नाही की ब्रश काढला नाही. ‘दातांचा दवाखाना’ एवढीच अक्षरं, हातानं काढलेली, टपोरी. फक्त ‘दातांचा’ या शब्दावरची शिरोरेषा मधोमध तुटलेली, बरोबर एका दाताएवढी. पडलेल्या दाताची फट! मला कळायला जरा वेळ लागला आणि मग मी खो खो हसत सुटले. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. "अश्शीच लावा," म्हणाल्या, "काही बदलू नका."

‘काही बदलू नका’ हे तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं.

पाटी बनवायला गेली. पाटीवाल्याचा फोन आला तेव्हा धाकटी अंघोळीला गेली होती, म्हणून तिचा फोन बाबांनी उचलला. "तुटलीय? मग जोडा की. तेवढं काय विचारायचं!" एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी शेजारीच चहा पीत होते. मला वाटलं, कुठली तरी वायर तुटली असेल.

पाटी चढली त्या संध्याकाळी बाबा आम्हा दोघींना ओढतच घेऊन गेले. सोबत त्यांचे जुने मुख्याध्यापक. कोपऱ्यावर पोचल्यावर बाबांनी हात वर केला. "बघा सर. आमच्या धाकटीचं काम. डिझायनर आहे ती. स्वतःचा व्यवसाय आहे तिचा."

आलं एकदाचं ते वाक्य. मी धाकटीकडे बघितलं. ती पाटीकडे बघत होती. ‘दातांचा’वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. फट नाही, गंमत नाही, बाजारातल्या कुठल्याही पाटीसारखी पाटी.

"अक्षर बघा," बाबा रंगात आले होते. "मध्ये रेघ तुटली होती, बरं का. मीच फोनवर सांगून जोडून घेतली. जन्मभर पोरांच्या वह्यांत दुसरं काय केलं आपण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांवर चिडले, पाटीवाल्यावर चिडले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, वर बघून म्हणाल्या, "अशीही बरी दिसते की! आता चढवलीय, राहू दे." मग त्यांच्यावरही चिडले.

तरी मी धाकटीचा हात घट्ट दाबला. ज्या वाक्यासाठी तू तडफडत होतीस ते मिळालंय, मुकाट्यानं घे आणि घरी चल, असं मला म्हणायचं होतं.

"ही पाटी मी केलेली नाही," धाकटी म्हणाली.

मुख्याध्यापक उगीचच खाकरले. बाबांचा हात अजून वरच होता, तो त्यांनी हळूहळू खाली घेतला.

घरी आल्यावर तिनं त्यांना कॉम्प्युटरवर मूळ पाटी दाखवली. बाबांनी चष्मा पुढे-मागे करून बराच वेळ बघितली.

"म्हणजे हा पडलेला दात?"

"हो."

"अगं, मग तसं खाली लिहायचं ना तेवढं."

धाकटीनं कपाळावर हात मारला. बाबा कावरेबावरे झाले. आपलं काय चुकलं ते त्यांना खरंच कळलं नव्हतं आणि कसं समजवावं ते आम्हाला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. पाटीची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, कौतुक करायचं होतं तिला.

"नाही गं," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "ती पाटी तिची नाही. तिनंच सांगितलं ना तसं, सगळ्यांसमोर." आत्यानं पुढे काहीतरी विचारलं असावं. "कोण, धाकटी? सध्या घरीच असते."

मी उठून आमच्या खोलीचं दार लावलं, पण तिला ऐकू जायचं ते गेलंच होतं.