हळू आवाजातलं वाक्य

जेवण अंगावर आलंय. टेबलावर कागद पसरलेले, पंखा नुसताच फिरतोय आणि माझी मान पुढे कलंडते आहे. मराठी जबान्यांचं इंग्रजी करून वरच्या कोर्टाला देणं हे माझं काम. वैजयंतानं विहिरीत जीव दिला; तिच्या आईची जबानी आज पुरी करायची आहे. छळाबद्दल तिच्या सासूला शिक्षा झाली, सासूनं अपील केलंय. डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या खुर्चीत एक ओली बाई येऊन बसते.

"माझं वाक्य कुठं हाय?"

वैजयंताच ही. मी वैतागतो. झोपेतसुद्धा लोकांना कामाचंच विचारायचं असतं.

"सगळं आहे त्यात. ‘चाइड’ लिहिलंय."

"म्हंजी?"

"मोठ्या माणसानं हळू आवाजात, मायेनं रागावणं. पोरगं अभ्यास करत नाही, आई त्याला चाइड करते. तुझ्या आईनंच सांगितलंय, सासूचा आवाज कधी चढला नाही म्हणून."

"न्हाईच चढला. वाक्य कुठं हाय?"

सासू रोज काय म्हणायची ते आईच्या जबानीतलं वाक्य लांबलचक होतं. मी ते एका शब्दात बसवलं आणि स्वतःवर खूशही झालो होतो.

"त्या शब्दावर ती सुटंल," वैजयंता म्हणते.

"ते कोर्ट बघेल. तू मला इंग्रजी शिकवू नकोस!"

टेबल नाही. मी पाटावर बसलोय, डोळ्यांत धूर जातोय, पुढ्यातल्या ताटात ज्वारीची भाकरी आहे. वैजयंता चुलीपाशी बसली आहे. मी घास तोंडात घालतो.

"खा बाबा पोटभर," ती अगदी गोड आवाजात म्हणते. "विहीर काय कुठं जात न्हाई."

घास तोंडातल्या तोंडात फिरतो. मी पाणी मागतो.

"पाणी बी लई हाय तिथं."

"गप बस!"

"का? मी कुठं ओरडले? रोज, दोन्ही वक्ताला, असंच म्हणायची सासू. आता सांगा, हे काय झालं तुमच्या इंग्रजीत?"

चूल नाही. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, ताट हातात तसंच. न्यायाधीश विचारतात, सासूबाईंनी तुम्हाला काय केलं? मला तो एकच शब्द सुचतो. तो ऐकून सगळे माना डोलावतात. मायेचं माणूस दिसतंय, म्हणतात. वैजयंता माझ्याकडे बघते आहे आणि तिच्या नजरेत दयामाया अजिबात नाही. मला तिची भीती वाटते. रागही येतो, कारण तिचं खरं आहे.

"खा," ती हळूच म्हणते.

जागा होतो तेव्हा बायको चहा घेऊन उभी आहे.

"कोर्टातून फोन आलाय. काम झालं का विचारतायत. काय सांगू?"

मी हातानंच नाही म्हणतो. कागद ओढतो, ‘चाइड’वर काट मारतो आणि ते वाक्य सगळंच्या सगळं लिहायला घेतो.

"अहो, तोंडानं बोला की!"

आमच्याकडे आज पोळ्या होत्या. माझ्या गालात ज्वारीच्या भाकरीचा घास आहे आणि तो काही केल्या गिळला जात नाही.