दोन बंधाऱ्यांपलीकडे

मुलगी कयाकमधून आमच्या नदीने खाली जायचा बेत आखतेय. टेबलावर नकाशा पसरून तिने मुक्कामांवर लाल खुणा केल्यात. माझं बोट मात्र एकाच वळणावर अडलं. तिथे माझं माहेर.

नवी नवरी असताना मी इथल्या घाटावरून रोज जास्वंदीचं एक फूल सोडायचे. खाली आई धुणं धूत असेल, तिच्या हाताला लागेल, असं वाटायचं. मध्ये दोन बंधारे आहेत, हे एसटीने माहेरी जाणाऱ्या मला कुठलं ठाऊक! पाणी पुढे जातं, फुलं भिंतीशीच कुजतात.

"तिथे थांबू का गं? आता कोण आहे?" मुलीने विचारलं.

"कुणी नाही. पण आपल्या दारातलं एक फूल घेऊन जा. तिथल्या घाटाच्या पायरीवर ठेव."