छतावरचा ग्राफ

पेपरच्या कचेरीत गूढ मजकूर टेबलावर आला की मी दोनच प्रश्न विचारतो — पाहिलं कुणी, किती वाजता? उत्तर नसेल तर बातमी कापतो. असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. या वेळी पाहणारा मीच होतो. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. अशोक चौकाच्या मागे राहतो. वडिलांनी, म्हणजे नायनांनी, तीस वर्षं चादरीच्या डिझाइनचा ग्राफ वाचला. एकाने चौकटी मोजून रंग मोठ्याने सांगायचे, दुसऱ्याने त्याप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडायची — काम असं चालतं. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. ते दिवसभर छताकडे बघत पडून असायचे. म्हणून छतावर चित्र पाडणारा प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं. बजेट बारा हजार.

"डब्यावरचे लुमेन वाचू नका हो साहेब," दुकानदार म्हणाला. "तेवढा उजेड असता तर मी दुकानातले दिवेच काढले असते की! मान वर वळते का बगा, अन् खोली अंधारी करा."

मान वळणारा एकच बजेटात बसला. तो घेतला.

घरी खिडकीला चादर बांधली. मशीन सुरू केलं. वायफाय जोडलं नव्हतं, पेन ड्राइव्ह नव्हता, वायर फक्त विजेची... छतावर आधी निळा उजेड पडला. मग चौकटी. लाल आणि पांढऱ्या — डिझाइनचा ग्राफ.

"नालुगु येर्रा," नायना म्हणाले. "रेंडु तेल्ला."

चार लाल, दोन पांढरे.

आईच्या हातातली वाटी खाली पडली. "अरे, तुझे नायना बोलायलेत की रे!"

मी सवयीने वही काढली आणि लिहू लागलो. फोन खिशात होता, फोटो काढायचं सुचलंच नाही. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. पहिल्या तीन ओळी छताशी ताडून पाहिल्या. बिनचूक होत्या. अकरा मिनिटांत एकतीस ओळी झाल्या. आवाज ठणठणीत, कामावरचा. मग छत पुन्हा निळं झालं आणि ते थांबले.

दुकानदाराने मशीन तपासलं. आत एकही चित्र नव्हतं.

वही घेऊन मी पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्या पंचिंगवाल्याकडे गेलो. प्रत्येक ओळीतल्या चौकटींची बेरीज अठ्ठेचाळीसच आली. त्याने आकडे कॉम्प्युटरवर भरले. पडद्यावर कोयरी उमटत गेली... अर्ध्यापर्यंत. एकही चौकट चुकलेली नव्हती.

त्या दुपारनंतर नायना बोललेले नाहीत.

निघताना पंचिंगवाल्याने विचारलं, "कुणी सांगितलं हे?"

"वडिलांनी."

"मग त्यांना म्हणावं, मी थांबलोय. बत्तिसावी ओळ सांगा."

घरी आल्यावर मी तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, एवढं नक्की.