नाव नसलेल्या पुड्या

शांताराम माझ्या तपासणीच्या टेबलावर बसून हवेतले तुटलेले धागे बांधत होता. दहा वर्षं पॉवरलूम चालवलेला माणूस. बोटं सफाईने गाठी मारत होती, फक्त धागे नव्हते. मध्येच भिंतीवर ओरडायचा, "मशीन बंद कर!"

"यास्ले काय व्हयनं, डाक्टर?" त्याची बायको कमल रडत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा दवाखाना डिंडोलीत, लूम कामगारांच्या वस्तीत. चार दिवसांपूर्वी मीच त्याला मलेरियासाठी क्लोरोक्विन दिलं होतं. मलेरिया मेंदूत गेला की माणूस असा बरळतो, म्हणून आधी तेच तपासलं. ताप नाही, रक्ताची स्लाइड स्वच्छ. म्हणजे मलेरिया बरा झाला तो माझ्यामुळे आणि वेड लागलं ते त्याचं त्याला, असा सोयीस्कर निष्कर्ष मी काढला. वेड्यांच्या इस्पितळासाठी चिठ्ठीही लिहिली. तो शिक्का बसला असता तर त्याला पुन्हा लूमवर कुणीच उभं केलं नसतं.

तरी एकदा विचारावं म्हणून मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या वर्गमित्राला फोन लावला.

"औषध काय चालू आहे?"

"विशेष काही नाही रे. क्लोरोक्विन."

"विशेष नाही? ते मेंदूत जातं, हे परीक्षेपुरतंच वाचलं होतंस का?"

हो, परीक्षेपुरतंच. मेंदूच्या रक्तवाहिन्या बरीच औषधं दारातच अडवतात. क्लोरोक्विन चरबीत विरघळतं, त्यामुळे आत शिरतं, साठतं आणि सावकाश बाहेर पडतं. क्वचित नेमक्या डोसनेही डोकं फिरतं. जास्त झालं तर विचारूच नका.

"पण मी मोजून दिलंय!"

"तू दिलंस. आणखी कुणी?"

मी कमलकडे पाहिलं. तिने पिशवीतून दोन पुड्या काढल्या. "हाई तुमनी, हाई सचिनना डाक्टरनी." दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, म्हणून ते सचिन गावात, शांतारामच्या कारखान्याजवळच्या डॉक्टरकडे गेले होते. बिचारी दोघांच्याही गोळ्या न चुकता देत होती.

एकाही पुडीवर नाव नव्हतं. पेशंटला औषधाचं नाव कळू द्यायचं नाही, नाहीतर तो परस्पर मेडिकलमधून आणेल, ही आम्हा डॉक्टरांची रीत. सचिनच्या त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "क्लोरोक्विनच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठी फाडली.

गोळ्या बंद केल्या. डबल डोसचा हृदयाला धोका, म्हणून लगेच ईसीजी काढला. नशिबाने ठीक निघाला. मित्राने त्याला आपल्याकडे ठेवून झोपेचं औषध दिलं. आठवड्याने शांताराम भानावर आला, पंधरवड्याने लूमवर.

पुढे कमल स्वतःच्या तापासाठी आली. मी पुडीवर ठळक अक्षरात औषधाचं नाव लिहून दिलं. तिने ती हातात घेतलीच नाही.

"यानी डोकं फिरंस का, डाक्टर?"

पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी तिला बसायला सांगितलं आणि कपाटातून औषधांचं पुस्तक काढलं.