नाव नसलेलं गाऱ्हाणं

आबांना स्वतःसाठी काही मागता येत नसे. आमच्या कॉलेजात त्यांनी शिपाई म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली, पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजा मागायची तर तीन दिवस प्राचार्यांच्या दारात घुटमळत होते. आत जायचे, पाण्याचा ग्लास ठेवायचे, आणि "काही काम होतं का आबा?" असं विचारलं की "नाय, पंखो बरो चलता मां?" म्हणून बाहेर यायचे. शेवटी ग्रंथपालबाईंनीच अर्ज लिहिला आणि दटावून त्यांची सही घेतली.

हाच माणूस दुसऱ्यासाठी मागायला उभा राहिला की ओळखू येत नसे. आचऱ्याच्या अलीकडचं, खाडीकाठचं आमचं गाव. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आबांच्या घराण्याकडे होता. म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणाची म्हैस आजारी, कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाच्या मुलीचं लग्न अडलेलं, सगळ्यांची नावं आबांच्या तोंडी असत. स्वतःचं तेवढं नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपला नाव घेवचा नसता गो. मगे ता गावाचा ऱ्हवणा नाय."

कॉलेजची घंटा घड्याळावर नव्हे, होडीवर वाजायची. गावाच्या खाडीपलीकडच्या वाडीतून आम्ही सात-आठ मुली होडीने यायचो. ओहोटी असली की होडी गाळात बसायची आणि पुढचं अंतर आम्ही चपला हातात घेऊन तुडवायचो. आबा व्हरांड्याच्या टोकाला हातोडा घेऊन उभे. आमची शेवटची मुलगी फाटकात शिरली की टोल पडायचा. प्राचार्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे जातं असं आबांनी त्यांना इतकं पटवलं होतं की ते दर महिन्याला घड्याळजीकडे जात.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मात्र पर्यवेक्षक बाहेरून आले होते, आणि आमची होडी चाळीस मिनिटं अडकली. अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही, असा विद्यापीठाचा नियम. त्यांनी पुस्तक उघडून तो दाखवलासुद्धा. आबांनी हात जोडले. "सायबानू, पुस्तक तुमच्या हातात आसा, तेका आमी पाया पडतो. पण ह्या पुस्तक लिवला तेव्हा लिवणाऱ्यान आमची खाडी बघूक नाय. आज ही चेडवां चिखलातसून इली हत, तेंका पदरात घेवा." मागे उभ्या असलेल्या दोन कारकुनांच्या तोंडून सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं. पर्यवेक्षकांना हसू आवरेना. आम्ही चिखलाच्या पायांनी बाकावर बसलो. मी पदवीधर झाले ती त्या दिवशी.

पेपराला पुरवण्या जोडायचा पांढरा दोराही आबा स्वतः बांधायचे. दोन वेढे, गाठ, आणि उरलेलं टोक आत खोचलेलं. "सुटलो तर चेडवाचा वरीस जायत," असं म्हणून दोरा पुन्हा एकदा ओढून बघायचे.

मी पुढे स्पर्धा परीक्षा दिली आणि विद्यापीठांचे कायदे जिथे लिहिले जातात अशा एका कचेरीत, मुंबईला, अधिकारी झाले. गावी गेले की आबा ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रातून वाचलेलं सगळं मला विचारायचे. "वर केंद्राचो कायदो, मधी राज्याचो कायदो. तेंची सांगड घालताना खालती आमची होडी खंय लागतली, ता कोण बघता?" मी म्हणायचे, "मी आहे ना आबा." किती सहज म्हणायचे!

मग एक दुरुस्ती विधेयक आलं. केंद्राच्या नव्या नियमांशी राज्याचा विद्यापीठ कायदा जुळवून घ्यायचा होता. त्यातल्या एका कलमाप्रमाणे, ज्या महाविद्यालयात ठरावीक संख्येपेक्षा कमी विद्यार्थी, ते मोठ्या महाविद्यालयात विलीन करायचं. आमच्या कॉलेजचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि तरी ते सबंध कलम आमच्याच कॉलेजबद्दल होतं. मसुदा लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी खुला झाला. पत्रांची छाननी माझ्या टेबलावर आली. नाव, पत्ता आणि सही नसलेलं पत्र विचारात घ्यायचं नाही, एवढा एकच नियम होता.

त्या ढिगात एक पाकीट निघालं. आत हजेरीपटाच्या कोऱ्या कागदांवर लिहिलेलं पत्र, आणि कोपऱ्यात पांढरा दोरा. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. अक्षर बघायच्या आधीच मला कळलं.

"बा सरकार म्हाराजा," अशी सुरुवात होती. "तुझ्या पुस्तकात कलम आसा की पोरां थोडी तर कॉलेज नको. म्हाराजा, आमची पोरां थोडी, कारण होडी ल्हान. पलीकडच्या चेडवांका तालुक्याक जावक एक होडी आणि दोन एसट्या. ती घराक बसतली. तर खाडीवरल्यांका वायच सवलत दी, आणि लेकरांका सांभाळून घे." प्रत्येक मागण्याखाली ठळक अक्षरांत "व्हय म्हाराजा" लिहिलेलं. शेवटी "समस्त गावकर मंडळी". नाव नाही, सही नाही.

"काय एवढं वाचताय मॅडम?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी विचारलं.

इथे मी गप्प बसू शकले असते. मी ते पत्र वाचून दाखवलं. नुसतं वाचलं नाही, हेल काढून, आबांच्या आवाजात वाचलं. सगळा कक्ष गोळा झाला आणि दर ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणून टेबलं बडवू लागला. सगळ्यांत मोठ्याने मी हसत होते. "तुमच्या गावचं कोणी आहे का हो?" एकाने विचारलं. "छे," मी म्हणाले, "आमच्या बाजूला असे खूप असतात."

मुदतीला आठ दिवस बाकी होते. आबांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. "आबा, खाली सही करून परत पाठवा," एवढं म्हणायचं होतं. पण सही आली असती तर तिच्याबरोबर गावाचं नावही आलं असतं, आणि कक्षाला कळलं असतं मी कोणाची ते. मी शेरा लिहिला, "नाव, पत्ता व सही नाही. विचारात घेता येत नाही." त्याखाली सही केली. त्या कागदांवर तेवढी एकच सही आहे.

पुढे समितीने उरलेली पत्रं वाचली. एका डोंगरी गावाने सरपंचाच्या सहीशिक्क्यानिशी हरकत घेतली होती. कायदा झाला तेव्हा त्या कलमात शब्द आले, "डोंगराळ भागातील महाविद्यालये वगळून". खाडीचं कोणी बोललेलंच नव्हतं. आबांचं ऐकलंच गेलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते वाचलं गेलं असतं, आणि तिथे एका शब्दाचंच काम होतं. आमचं कॉलेज तालुक्याच्या कॉलेजात गेलं. पलीकडच्या तीन मुली पहिल्याच वर्षी घरी बसल्या. त्यांतली एक माझ्या चुलतभावाची.

त्या वर्षी जत्रेला गेले तर आबा देवळाच्या पायरीवरच भेटले. निवृत्त झाले होते, डोळेही पुन्हा अधू झाले होते.

"चेडवा, पत्र पावला?"

"पावला, आबा."

"नाव घालूक नाय मी. पण गाठ बघून तुका कळला आसतला."

"कळला."

"मगे झाला. तू तुझ्या परीन केलंस, सरकारान आयकूक नाय. तुझो काय दोष?"

मी मान हलवली. मला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात ढोल वाजला आणि ते आत गेले.

गाऱ्हाणं सुरू झालं. म्हशी झाल्या, बोटी झाल्या, लग्नं झाली. मग आबांनी माझं नाव घेतलं आणि आवाज चढवला, "आणि म्हाराजा, ह्या आमचा चेडू म्हमयक सरकारात आसा. गावाचा गाऱ्हाणा थंय पोचयता. तेका बरा यश दी, तेची वाट मोकळी कर!" सगळं देऊळ "व्हय म्हाराजा" म्हणालं. शेजारच्या काकीने मला कोपराने ढोसलं, "म्हण गो, तुझ्यासाठीच घालतत." मी म्हटलं.

पुढच्या जत्रेआधी आबा गेले. मधल्या काळात मी तीनदा गावी जाऊन आले होते. सांगितलं नाही.

आता गाऱ्हाणं त्यांचा पुतण्या घालतो. आबांनी घातलेली नावं त्याने तशीच ठेवली आहेत, त्यामुळे माझं नाव दर वर्षी येतं. ते काढ म्हणून त्याला सांगावं, असं प्रत्येक जत्रेला ठरवून जाते. पण काढ म्हटलं तर का काढायचं तेही सांगावं लागेल. मग त्याचा आवाज चढतो, माझं नाव येतं, आणि मी सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणते.