चार तांबे पाणी

रेवणसिद्धाच्या हाताला माती वश आहे, असं जळकोटच्या शिवारात म्हणत. त्यानं वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. म्हणून तर शहाऐंशीच्या दुष्काळात दूध सोसायटीनं बिनकाट्याच्या निवडुंगाचे चाळीस फडे आणले, ते थेट त्याच्या परसात लावायला दिले. बेणं वाढलं की घरटी दोन-दोन फडे वाटायचे आणि पुढच्या टंचाईत दुभत्या जनावरांना हिरवं काहीतरी मिळायचं, असा बेत.

चेअरमन बब्रुवान बजावून गेले, "काप सुकेस्तोवर आठ दिस सावलीत ठिवा. मग लावा. आन् महिनाभर पाण्याचा थेंब दावू नका. निवडुंग हाय त्यो, जावई न्हाय."

आठ दिवस म्हाताऱ्यानं कळ काढली. पण लावल्यावर चैताचं ऊन, आणि ते हिरवे पंजे वर करून उभे. त्याला ते बघवेना. सून चन्नम्मा अर्ध्या कोसावरच्या आडावरून दोन घागरी आणायची. दुपारी तिचा डोळा लागला की हा घागरीतून चार तांबे काढायचा आणि एकेकाच्या बुडाशी हळूच ओतायचा. वरून म्हणायचा, "प्या रं, कुणाला सांगू नगा."

माती काळी, पाणी धरून ठेवणारी. तिसऱ्या आठवड्यात फडे पिवळे पडले. बोट लावलं तर आत रुतायला लागलं. बुडाशी काळी घाण आणि वास.

बब्रुवान आले, वाकून बघितलं. "सूनबाई, भांड्याचं पाणी इकडंच सोडता का?"

"सुटलं आसंल एखाद्या वक्ताला," चन्नम्मा म्हणाली आणि पदर पुढं ओढून आत गेली.

रेवणसिद्ध तिथंच उभा होता. तोंड उघडलं नाही. मग काय, आडावर बायका बोलायला मोकळ्या. "चन्नम्माच्या मोरीनं गावची वैरण गिळली." ते त्याच्या कानावर यायचं. तो उठून परसात जायचा.

एक दिवस चन्नम्मा बाजाराला निघाली, काखेत रिकामी घागर. "गळतीया मामा. तांबटानं दोनदा डाग दिला, तरी मागल्या महिन्यात रोज उणीच."

तेव्हा मात्र म्हातारा खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला सगळी जमलेली असताना तो म्हणाला, "मोरीचं पाणी नव्हतं. म्या घातलं. घागरीतलं."

चन्नम्मानं दुधाची चरवी खाली ठेवली. "आन् म्या त्या तांबटाला चोर म्हणून आले," एवढंच बोलली आणि घरी गेली. तीन दिवस तिनं ताट वाढलं, पण शब्द नाही.

परसाच्या दगडी गडग्याच्या कोपऱ्यात, म्हाताऱ्याचं पाणी पुरत नव्हतं तिथं, तीन फडे तगले होते. बब्रुवाननं ते चन्नम्माच्या ताब्यात दिले. तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, आणि ते वाढत गेले.

दोन वर्षांनी वाटप झालं. चन्नम्माच फडे कापून देत होती. रेवणसिद्ध रांगेच्या शेवटी उभा, हात पाठीमागं.

"मामा, घ्या की तुमचे दोन."

"नगं पोरी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दे. मला ऱ्हावत न्हाय."