हरेशची शीट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. सकाळी विमान आणि दुपारी इंजिनिअरिंग — ही माझी कहाणी मात्र दहा ठिकाणी ऐकवली, हारतुरे घेतले. दर वेळी त्यातला एक माणूस गाळून. त्याचं नाव हरेश.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाशीत राहायचो. कॉलेज जवळच, फ्लाइंग क्लब मात्र पार जुहूला. पहाटे निघायचं, वारा शांत असतो तोवर उडायला शिकायचं आणि धापा टाकत दुपारच्या प्रॅक्टिकलला पोचायचं. बाबांची एकच अट — इंजिनिअरिंगचं एक जरी वर्ष बुडालं, तर विमान बंद. मला विमानाचं वेड लागलं होतं. वेड हा शब्द बरा वाटतो, नाही? स्वार्थ म्हणायला जीभ रेटत नाही.

हरेश माझ्याच बॅचचा. घणसोलीकडच्या गावातला. ज्यांच्या भातशेतीवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्यातल्या एका घरातला पहिला इंजिनिअर होणारा. मशीन ड्रॉइंगचं सबमिशन दोन दिवसांवर आलं आणि माझी शेवटची शीट कोरी होती. त्याची मागितली.

"ने, पन डाग पाडू नको," तो म्हणाला. "चार दिवस लागलेत मना."

घरी टीपॉयची काच काढली, खाली टेबल-लॅम्प लावला. काचेवर त्याची शीट, तिच्यावर माझा कागद. खालच्या रेघा दिसतात, त्या गिरवायच्या. याला आम्ही जीटी — ग्लास ट्रेसिंग — मारणं म्हणायचो. सगळेच मारायचे — पण ही सबब नव्हे. माझं काम दोन तासांत झालं.

सर नवे होते आणि भलतेच कडक. त्यांनी आमच्या दोन्ही शीट खिडकीवर एकावर एक धरल्या. रेघ न् रेघ जुळली. आता बघा — जो स्वतः आकृती काढतो, त्याच्या कागदावर खोडलेल्या रेघा राहतात, रबराचा मळ राहतो. नक्कल स्वच्छ असते. सरांनी स्वच्छ शीट मूळ धरली. हरेशला म्हणाले, "ही पोरगी विमान उडवते. ती तुझी छापणार?" वर्ग हसला. त्याचं सबमिशन नामंजूर, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. सरांना मात्र अवाक्षर बोलला नाही. मीच बोलेन, असं वाटलं असेल का त्याला? मी टेबलावरच्या पट्टीकडे बघत बसले.

तुम्ही म्हणाल, त्या वयात घाबरतं माणूस. तेवढंच असतं तर मीही स्वतःला माफ केलं असतं. तेवढंच नाही.

जिन्यात त्याने मला गाठलं. "सांगशील ना सरांना?"

"सोमवारी," मी म्हटलं. "नऊला केबिनपाशी ये. दोघं जाऊ." परीक्षेला बसणाऱ्यांची यादी सोमवारी दुपारी लागणार होती.

शनिवारी क्लबमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी तुला एकटीला सोडतो. पहिली सोलो! दिवस बदलून मागता आला असता? आला असता. रविवारी हरेशच्या गावी जाऊन तसं सांगता आलं असतं? घर ठाऊक होतं मला. मी काहीच केलं नाही. आणि खरं सांगू — मला हायसं वाटलं. न जाण्याला कारण मिळालं होतं, तेही इतकं छान कारण! याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सोमवारी मी एकटी उडाले. उतरल्यावर क्लबच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं सगळ्यांनी. मी खिदळत होते. हरेश तेव्हा केबिनबाहेर उभा होता आणि मला त्याची एकदाही आठवण झाली नाही.

मंगळवारी मी वर्गात पेढे वाटले. यादी लागली होती, त्याचं नाव नव्हतं. तो आपला ड्रॉइंग बोर्ड न्यायला आला होता. मी त्याच्यापुढेही बॉक्स धरला — हात कसा झाला माझा? त्याने एक पेढा उचलला.

"सर एक वाजेपर्यंत होते," तो म्हणाला.

आजूबाजूला मुलं होती. मी 'सॉरी'सुद्धा म्हटलं नाही. पुढच्या बाकाकडे गेले.

नंतर तो कॉलेजात आलाच नाही. तळोज्याला कुठल्याशा कारखान्यात लागला, असं उडत उडत कानावर आलं. मी चौकशी केली नाही. बाबांची अट पाळली गेली, मी पायलट झाले. सरांच्या केबिनवरून त्यानंतर अडीच वर्षं रोज जात होते. दार बहुतेक वेळा उघडंच असायचं.

सर, ती शीट हरेशची होती. मी छापली.